पाच नावं पुरेत

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत मी एकवीस वर्षं तरुण संघाचं काम पाहिलं. त्यातली पहिली बारा वर्षं मी ते चुकीचं केलं. हे छोटं पुस्तक नंतरच्या नऊ वर्षांतून आलं आहे. पण ते का लिहावंसं वाटलं हे सांगायचं तर आधीच्या बारा वर्षांपाशीच जावं लागेल.

त्या काळात आमचा तरुण संघ मोठा जोरात होता. मे महिन्यात तीन दिवसांचं शिबिर, पावसाळ्यात पवित्र शास्त्राची प्रश्नमंजूषा, डिसेंबरात घरोघर कॅरोल. शिबिराला पुण्या-मुंबईहून वक्ते यायचे, साउंड सिस्टिम भाड्यानं यायची आणि मंडपाच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागायचा. वार्षिक सभेत मी अहवाल वाचायचे: शिबिरार्थी इतके, समर्पण केलेले इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. पंच मान डोलवायचे. मलाही वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय.

असंच एक शिबिर झालं आणि त्यानंतर एक मुलगा यायचा बंद झाला. बारावीतला होता. दर रविवारी उपासनेआधी माइक लावणं आणि उपासना संपली की वायरी गुंडाळून पेटीत ठेवणं हे त्याचं काम. तीन-चार रविवार माइक वेळेवर लागला नाही, म्हणून मला त्याची आठवण झाली. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते. एका संध्याकाळी मी त्याच्या वस्तीवर गेले. घरासमोर काढून ठेवलेल्या कांद्याचा ढीग होता आणि त्याच्यावर आमचा शिबिराचा फ्लेक्स पसरलेला होता, कडेनं दगड ठेवून. वाऱ्यानं एक कोपरा उलटला होता. वक्त्यांचे फोटो कांद्याकडे तोंड करून पडले होते.

त्याची आई बाहेर आली. "सलाम बाई, या, बसा." आत खाटेवर त्याचे वडील. अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. मुलगा पहाटे तीनला उठून कांद्याच्या गोण्यांबरोबर टेम्पोत बसून घोडेगावच्या बाजाराला जायचा, परत येऊन कॉलेजला जमलं तर जायचा. मी बोटांवर महिने मोजले. म्हणजे शिबिराच्या वेळी वडील अंथरुणावरच होते. तिन्ही दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्या तीन दिवसांत मी त्याला एवढंच विचारलं होतं की दुसरा स्पीकर कुठल्या बोर्डाला जोडलास. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि फ्लेक्सकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, तो परत द्यायचाय का?"

या पुस्तकात जे काही आहे ते त्या प्रश्नानंतर सुचलेलं आहे.

म्हणणं थोडक्यात सांगते. तरुणांमधलं ख्रिस्ती काम हे मुळात कार्यक्रमांचं काम नाही. एखाद्या मोठ्या माणसानं चार-पाच मुलामुलींना नावानं ओळखणं, त्यांच्या घरचं ठाऊक असणं, त्यांच्याबरोबर वर्ष-दोन वर्षं टिकून राहणं आणि त्या राहण्यातून त्यांना ख्रिस्ताची ओळख होणं, एवढंच ते काम आहे. शिबिरं, गाणी, स्पर्धा या गोष्टी त्याला मदत करू शकतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. हे काम साधं आहे. सोपं मात्र नाही. फ्लेक्स एका दिवसात छापून मिळतो, मुलाचा विश्वास मिळायला दोन पावसाळे जातात.

यात माझा शोध काही नाही. लूकच्या शुभवर्तमानात शेवटी अम्माऊसच्या वाटेची गोष्ट येते. यरुशलेमेहून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, दोन निराश माणसं चालली आहेत आणि पुनरुत्थित येशू त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागतो. तो आधी विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? मग त्यांची सगळी कैफियत ऐकून घेतो. शास्त्र उलगडून सांगतो ते त्यानंतर, आणि ओळख पटते ती आणखी उशिरा, जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. 2018 साली तरुणांच्या विषयावर रोममध्ये कॅथलिक बिशपांची परिषद भरली, तेव्हा तिच्या अंतिम निवेदनाची मांडणी याच गोष्टीवर केली गेली. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांचं तरुणांना उद्देशून लिहिलेलं पत्र आलं, त्यातही बरोबरीनं चालण्याचाच आग्रह आहे. आम्ही प्रोटेस्टंट मंडळीचे, वसईचे बांधव कॅथलिक. पण या वाटेवर दोघांची गाठ पडायला हरकत नाही.

पौलाच्या पत्रांतही हाच धागा सापडतो. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना तो कुठल्या सभेची आठवण काढत नाही. तो त्याच्या आजीचं, लोईसचं, आणि आईचं, युनिकेचं नाव घेतो. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो त्याचा आशय असा की आम्ही तुम्हांला सुवार्ता तर दिलीच, तिच्याबरोबर आमचा जीवही देऊ केला. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकल्या. त्यांच्या तोंडून कधी एखाद्या प्रवचनाची आठवण ऐकली नाही. आठवण निघायची ती रात्री कंदील घेऊन फेरी मारणाऱ्या आणि कुणाला ताप आहे का हे कपाळाला हात लावून बघणाऱ्या बाईंची.

पुस्तकात अशा कामाच्या काही जुन्या गोष्टी आल्या आहेत. त्यांतल्या दोन इथे सांगते, कारण पुढचा सगळा विचार त्यांवर उभा आहे.

पहिली इटलीतल्या तुरिनची. 8 डिसेंबर 1841. जॉन बोस्को नावाचा नुकताच दीक्षा झालेला धर्मगुरू मिस्सासाठी वस्त्रं चढवत होता. थंडीपासून आडोसा म्हणून एक सोळा वर्षांचा गवंड्याच्या हाताखालचा पोरगा आत शिरला. सेवकानं त्याला मिस्सात मदत करायला सांगितलं. त्याला ते येत नव्हतं, म्हणून सेवकानं त्याला बडवून हाकललं. बोस्कोनं आवाज चढवून त्याला परत बोलावलं, तो माझा मित्र आहे म्हणून. मिस्सा झाल्यावर त्यानं चौकशी केली: नाव काय, आई-बाप आहेत का, लिहिता-वाचता येतं का? नाव सोडून सगळ्याला नकार. मग बोस्कोनं विचारलं, शीळ घालता येते का? पोरगा हसला, अशी ही गोष्ट सांगतात. त्याचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

इथपर्यंतची गोष्ट बोस्कोच्या संघाच्या, म्हणजे सेल्सियन, शाळांत शिकलेल्या पुष्कळांना ठाऊक असते. मुंबईत माटुंग्याला डॉन बॉस्को आहे, तिथली मुलंही सांगतील. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ही मुलं खेड्यांतून शहरात कामाला आलेली होती आणि मालक त्यांना वाटेल तसं राबवत. 1850 नंतरच्या वर्षांत बोस्कोनं कारागिरांबरोबर या मुलांसाठी लेखी करार केले: मुलाला धंदाच शिकवायचा, घरगडी करायचा नाही; मारायचं नाही; रविवारी सुट्टी द्यायची. म्हणजे शीळ घालता येते का असं विचारून सुरू झालेली मैत्री त्या मुलाच्या मजुरीपर्यंत, सुट्टीपर्यंत गेली. आज चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर बारा-बारा तास उभी राहणारी आमच्या मंडळीची पोरं आठवली की वाटतं, आपली चौकशी अजून शिळेपर्यंतही पोचलेली नाही.

दुसरी गोष्ट बर्लिनची, 1931-32 च्या हिवाळ्यातली. डीट्रिख बोनहोफर तेव्हा पंचविशीत होता. विद्यापीठात शिकवत होता, न्यूयॉर्कला एक वर्ष राहून नुकताच परतला होता. त्याच्याकडे कामगार वस्तीतल्या मुलांचा दृढीकरणाचा वर्ग आला. आधीचे वयस्क पाळक या वर्गापुढे हात टेकून बसले होते. बोनहोफर पहिल्या दिवशी जिना चढू लागला तेव्हा वरून मुलांनी कचरा टाकायला सुरुवात केली आणि त्याच्या नावाचा पहिला तुकडा घेऊन 'बॉन, बॉन, बॉन' असा गजर लावला. तो वर्गात गेला आणि भिंतीला टेकून गप्प उभा राहिला. बराच वेळ. मग पुढच्या काही मुलांनाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात हार्लेममधल्या काळ्या लोकांबद्दल, तिथल्या मंडळीबद्दल सांगू लागला. मागचे गप्प झाले, कारण त्यांना ऐकायचं होतं. नीट वागलात तर पुढच्या वेळी आणखी सांगेन, एवढं बोलून त्यानं वर्ग सोडला.

पण वर्ग शांत झाला म्हणजे काम झालं असं त्यानं मानलं नाही. त्याच वस्तीत त्यानं भाड्यानं खोली घेतली आणि मी नसलो तरी मुलांना आत येऊ द्या असं घरमालकिणीला सांगून ठेवलं. संध्याकाळी मुलं यायची, त्याच्याबरोबर जेवायची, बुद्धिबळ खेळायची. तो त्यांच्या घरी जाऊन बेकार बापांशी, थकलेल्या आयांशी बोलायचा. दृढीकरणाच्या दिवशी घालायला मुलांकडे नीट कपडे नाहीत हे कळल्यावर त्यानं कापडाचा तागा आणून प्रत्येकाला त्यातून कापड दिलं. पुढे हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं गेलं. बोनहोफरचे जाडजूड ग्रंथ आपल्याकडच्या सेमिनरींत वाचले जातात. तरुण संघ चालवणाऱ्यांनी ग्रंथांच्या आधी तो कापडाचा तागा लक्षात ठेवावा.

आता एक अवघड मुद्दा. 'नात्यांतून काम' हे शब्द गेल्या शतकात अमेरिकेत फार लोकप्रिय झाले. 1941 साली टेक्सासमध्ये जिम रेबर्न या तरुण पाळकानं 'यंग लाइफ' ही संस्था काढली. मुलं देवळात येण्याची वाट बघू नका, ती असतील तिथे जा, शाळेच्या मैदानावर जा, आणि बोलण्याचा हक्क आधी मैत्रीनं कमवा, हे तिचं सूत्र. त्यातून पुष्कळ चांगलं झालं. पण एक खोटही शिरली. मैत्री हे साधन होऊन बसलं. मुलगा समर्पण करतो का, मंडळीत येतो का, यावर मैत्रीचा हिशेब होऊ लागला, आणि तो येणार नाही असं दिसलं की मित्र दुसऱ्या मुलाकडे वळला. अँड्र्यू रूट या अभ्यासकानं 2007 च्या आपल्या पुस्तकात नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यासाठी त्यानं आधार घेतला तो बोनहोफरचाच. दुसऱ्याच्या जागी, त्याच्या दुःखात उभं राहणं हेच ख्रिस्ताचं काम आहे, प्रभाव पाडणं नव्हे, असं रूटचं म्हणणं.

माशाला गळ टाकताना पुढे किडा लावतात. मुलांना आपल्या हातातला किडा फार लवकर दिसतो. आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. तरुण संघात आमच्या मुलांचे मित्र येतात, त्यांतले कुणी मराठा, कुणी बौद्ध, कुणी मुसलमान. क्रिकेट खेळतात, कॅरोलला ढोलकी वाजवतात, नाताळचा केक खातात. त्यांच्याशी आपली मैत्री कशासाठी, याचं उत्तर आपल्यापाशी स्वच्छ असलं पाहिजे. ते उत्तर शोधायला मला अमेरिकेला जावं लागलं नाही. ते नगरलाच सापडलं.

नारायण वामन टिळक ख्रिस्ती कसे झाले हे मराठी वाचकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे ठाऊक आहे. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला, गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. त्या माणसाचं नावही टिळकांना कळलं नाही. 1895 साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाच्या खात्यावर कुठल्या अहवालात हे जमा झालं असेल असं मला वाटत नाही. एवढी गोष्ट आम्ही शब्बाथशाळेत हमखास सांगतो.

दुसरी गोष्ट मात्र सांगत नाही. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं कविता म्हटली आणि तो 'बालकवी' झाला. टिळकांना त्याचा लळा लागला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा वागवला. त्याचं खाणं-पिणं, त्याचे रुसवे, त्याचा लहरीपणा सगळं त्या घरानं सोसलं. ठोंबरे ख्रिस्ती झाला नाही. तो हिंदू म्हणून आला, हिंदू म्हणूनच राहिला, आणि 1918 साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. टिळक धर्मोपदेशक होते. ख्रिस्ताबद्दल बोलायला त्यांनी कधी संकोच केला असेल असं कुणी म्हणणार नाही. तरीही या पोरावरची माया तो काय होईल यावर टांगलेली नव्हती. मराठी ख्रिस्ती तरुणकार्याचा वस्तुपाठ मला विचाराल तर मी नगरच्या त्या घराकडे बोट दाखवीन. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराला कार्यक्रमपत्रिका नव्हती. ताट मात्र होतं.

आजची मुलं त्या घरापासून फार लांब राहतात, हे मला कळतं. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, जालना इथल्या मंडळ्यांतली पोरं दहावी-बारावी झाली की पुण्याला जातात. कुणी कंपनीत, कुणी नर्सिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पहाटेपासून रात्रीपर्यंत खुर्ची अडवून. गावाकडे 'उपासना संगीता'तली गाणी तोंडपाठ असलेली मुलगी तिथे मोठ्या इंग्रजी मंडळीत मागच्या बाकावर बसते, आणि दोन-तीन महिन्यांनी तेवढीही बसत नाही. गावच्या पाळकाला वाटतं, ती पुण्याच्या मंडळीत जाते. पुण्याच्या मंडळीला ती आली होती हेच ठाऊक नसतं. या मुलीसाठी वर्षाकाठी एक मेळावा घेऊन काहीही होत नाही. पुण्यातल्या एखाद्या मराठी कुटुंबानं तिला महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलावलं तर पुष्कळ होतं. आमच्या मंडळीनं गेल्या काही वर्षांत केलेलं एकच काम दाखवायचं झालं तर मी हे दाखवीन: जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीबरोबर आम्ही पुण्यातल्या एका घराचा पत्ता देतो, आणि त्या घराला आधी फोन करतो.

मोबाइलबद्दल मला नेहमी विचारतात. व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढला, रोज वचन टाकतो, मुलं अंगठा दाखवतात. हे पुरेसं नाही का? नाही. ग्रुपवर टाकलेलं वचन सगळ्यांसाठी असतं, म्हणून कुणाच्याच वाट्याला येत नाही. 'आज तुझा पेपर होता ना, कसा गेला?' हा एकट्या मुलाला पाठवलेला एक ओळीचा निरोप त्याहून मोठं काम करतो. फ्रान्समध्ये तेझे नावाच्या खेड्यात जगभरातून तरुण येतात. तिथली प्रार्थना अगदी साधी असते, छोटी गाणी आणि बराच वेळ शांतता. संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर तिथले काही ब्रदर देवळातच थांबतात, कुणाला बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून. आमच्याकडे आशीर्वचन झालं की आम्ही सतरंज्या गुंडाळायला धावतो. उपासनेनंतर अर्धा तास बाकावर बसून राहणं ही मी गेल्या नऊ वर्षांत शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. पहिले कित्येक रविवार शेजारी कुणी येऊन बसलं नाही. मग एक जण बसला, आणि वीस मिनिटं काहीच बोलला नाही.

एकानं पन्नास मुलं सांभाळणं हे नात्यांच्या कामात बसतच नाही. पूर्वी आम्ही विचारायचो, पाच मुलांमागे एक मोठा माणूस मिळेल का? अमेरिकेतल्या फुलर सेमिनरीत पूर्वी शिकवणारे चॅप क्लार्क हे गणित उलटं मांडतात: एका मुलामागे पाच मोठी माणसं. सगळ्यांनी शिकवायचं असं नाही. एकानं दुचाकी दुरुस्त करायला शिकवावी, एका आजीनं त्याच्यासाठी रोज प्रार्थना करावी आणि तसं त्याला सांगावंही, एकानं बँकेच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते दाखवावं. भगिनी मंडळातल्या बायका, निवृत्त मास्तर, देवळाचा रखवालदार, ही सगळी माणसं मंडळीत बसलेलीच आहेत. त्यांना आजवर कुणी या कामाला बोलावलं नाही, कारण त्यांना गिटार येत नाही.

आणि मुलांना काम द्या. प्रेक्षक म्हणून बसलेलं पोर निघून जातं, जबाबदारी असलेलं पोर निदान किल्ली परत द्यायला तरी येतं. 1881 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकानं तरुणांना आपल्या घरी बोलावून 'ख्रिश्चन एन्डेव्हर' संघ सुरू केला. त्याचा सगळा भर मुलांनीच प्रार्थना चालवावी, मुलांनीच समित्या सांभाळाव्यात यावर होता. मात्र माझ्या माइकवाल्या पोराचं विसरू नका. त्याला काम होतं. माझ्या लेखी तो कामापुरताच होता, चूक तिथं झाली.

इथं एक इशारा द्यायला हवा, आणि तो पुस्तकाच्या शेवटी टाकून चालणार नाही म्हणून प्रस्तावनेतच देते. नात्यांचं काम म्हणजे मोठ्या माणसाला लहानांच्या जवळ जाण्याची मुभा. ही मुभा वाईट हेतूचा माणूसही शोधत असतो, आणि देवळाच्या भिंतींनी मुलं आपोआप सुरक्षित होत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना बंद खोलीत एकट्यानं भेटायचं नाही. दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, आई-वडिलांना भेटीची कल्पना. रात्री उशिरा खासगी निरोप नाहीत, गुपित ठेवायला सांगणं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. मंडळीची अब्रू, पाळकसाहेबांचा शब्द, समोरच्या घराण्याचं नाव यांतलं काहीही आड येता कामा नये. मुलांसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर कायमचा लावा. ज्याला या नियमांचा जाच वाटतो त्याला या कामात घेऊ नका.

दुसरा इशारा काम करणाऱ्यांच्या जिवासाठी. आपण कुणाचे तारणारे नाही. काही मुलं तुमचा चहा पिऊन, तुमची प्रार्थना घेऊन निघून जातील आणि परत येणार नाहीत. घरात दारू असेल, डोक्यावर कर्ज असेल, मनाचा आजार असेल, तिथे प्रार्थनेबरोबर डॉक्टर आणि समुपदेशकही लागतात. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याकडे पाठवणं यात विश्वासाची कमतरता नाही.

पुस्तकाबद्दल थोडं. यात सहा प्रकरणं आहेत: ऐकणं, घरी जाणं, बरोबर जेवणं, शास्त्र एकत्र वाचणं, काम सोपवणं आणि निरोप देणं. प्रत्येकाच्या शेवटी महिनाभरात करून बघण्यासारखं एकेक छोटं काम दिलं आहे. खेळांची यादी, शिबिराचं वेळापत्रक, तयार प्रवचनं यात नाहीत. ती हवी असतील तर बाजारात पुष्कळ आहेत, आणि मी शिबिरांच्या विरोधात नाही. आमच्याकडे अजूनही मे महिन्यात शिबिर होतं, एकाच दिवसाचं, देवळामागच्या लिंबाखाली. वक्ते नसतात. मुलं स्वयंपाक करतात आणि मोठी माणसं भांडी घासतात. भांडी घासताना जे बोलणं होतं ते पूर्वी तीन दिवसांच्या मंडपात कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी फ्लेक्स परत घेतला नाही. मुलाला म्हटलं, राहू दे, पाऊस यायचाय. त्यानंतर दर पंधरवड्याला मी त्या वस्तीवर जात राहिले. आधी त्याच्या वडिलांच्या खाटेशी बसायचे, मग त्याच्याशी बोलायचे. तो मंडळीत परत यायला दीड वर्ष लागलं, आणि आला तेव्हा माइककडे न जाता माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

पुस्तकाची शेवटची पाच पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. वाचायला सुरुवात करण्याआधी तिथे आपल्या मंडळीतल्या पाच तरुणांची नावं लिहा, एका पानावर एक. नावाखाली त्याच्या किंवा तिच्या घरी कोण कोण आहे आणि सध्या काय चाललंय ते लिहा. जिथे लिहिता येणार नाही, त्या घरी या रविवारी जा.